नाव घ्या, मग घेवर

चैत्र शुद्ध तृतीयेला मराठी घरात चैत्रगौर झोपाळ्यात बसते आणि त्याच दिवशी जयपुरात गणगौरीची मिरवणूक त्रिपोलिया दरवाजातून बाहेर पडते. लग्न होऊन मी या शहरात आले तेव्हा पहिली मैत्री याच दिवशी जुळली. शेजारच्या भाभींकडे गणगौरीची पूजा आटोपली आणि बायकांनी एकेकीला घेरलं, ‘नाम लो!’ नवऱ्याचं नाव दोह्यात गुंफून म्हणायचं आणि ते जमेपर्यंत सुटका नाही. मला शिकवावं लागलंच नाही. हळदीकुंकवाला आईच्या मागे लपून मी हेच ऐकत मोठी झाले होते. लगेच जुळवलं:

त्रिपोलियातून निघाली गणगौरीची स्वारी,
सुधीररावांचं नाव घेते, घेवर आला दारी.

तेव्हापासून आमच्याकडे दोन्ही गौरी एकत्र होतात. आंब्याची डाळ आणि पन्हं आमचं, घेवर त्यांचा. पुरुष आणि मुलंही खेळतात, म्हणून नियम थोडा सैल केला आहे. नाव कुणाचंही चालेल: आजीचं, मित्राचं, शाळेतल्या बाईंचं. एका वाटीत शब्दांच्या चिठ्ठ्या असतात, पतंग, रिक्षा, कैरी, परीक्षा असे. हाताला येईल तो शब्द आणि ते नाव दोन ओळींत यमकासह बसवायचं. बाकीच्यांनी शंभरपर्यंत आकडे मोजायचे. सातवीतला मुलगा ‘परीक्षा’ला यमक शोधताना जेवढा भाषेत शिरतो, तेवढा निबंध लिहिताना शिरत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

असल्या खेळांना आपण ‘टाइमपास’ म्हणतो, ते मला पटत नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे. तिच्यात गाणं-वाजवणं आहे, तशी प्रहेलिका म्हणजे कोडीही आहेत. प्रतिमाला आहे, म्हणजे आपली अंताक्षरी. जीभ अडखळेल अशी वाक्यं म्हणून दाखवणं आहे, आणि दिलेल्या ओळीवरून श्लोक पुरा करणंही. जाणत्या माणसाला हे यावं, अशी तिथे अपेक्षा आहे. १९९३ मध्ये झी टीव्हीवर अंताक्षरीचा कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी लोक पडद्यासमोर बसून गाऊ लागले. मला मात्र ती गच्चीवरच आवडते. जयपूरच्या उन्हाळ्यात सूर्य बुडाल्यावर फरशीवर पाणी मारायचं, चटया टाकायच्या आणि भेंड्या सुरू करायच्या.

भेंड्यांत दोन नियम आधीच ठरवून घ्यावेत, नाहीतर भांडणात रात्र जाते. हिंदी गाणी ‘है’वर संपतात आणि ‘ह’ची गाणी भराभर सरतात. म्हणून आम्ही ‘है’, ‘हूँ’ सोडून देतो आणि त्याआधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर घेतो. दुसरा नियम ‘ळ’ आणि ‘ण’चा. यांनी गाणं सुरू होत नाही, तेव्हा ‘ल’ आणि ‘न’ घ्यायचे. ‘ळ’ राजस्थानी बोलीतही आहे, त्यामुळे भाभींच्या सासूबाईंना तो कळतो. गोंधळतात ती त्यांचीच नातवंडं, कारण शाळेतल्या हिंदीत तो नाही.

नाव-गाव-फळ-फूलमध्ये इथे वेगळीच रंगत येते. ‘स’ आला की गावांची चंगळ: सांगानेर, सीकर, सांभर. पण फळाच्या रकान्यात कुणीतरी ‘सांगरी’ लिहितं आणि गच्ची पेटते. सांगरी ही खेजडीच्या झाडाची शेंग. वाळवून केर नावाच्या बारीक रानफळांसोबत तिची भाजी करतात, मग फळ कसलं? मी गुण देते. शेंगेत बिया असतात आणि वनस्पतिशास्त्र तिला फळच मानतं. ‘र’च्या फुलाला मराठी मुलं रातराणी लिहितात, इथली रोहिडा. रोहिडा राजस्थानचं राज्यफूल आहे आणि आमच्या मुलांना ते या खेळातून ठाऊक झालं. दोघांचं उत्तर सारखं आलं तर पाच गुण, वेगळं आलं तर दहा.

जोड्या मात्र लहान-मोठ्यांच्याच लावाव्यात. तरुण सगळे एका बाजूला गेले की म्हातारी माणसं प्रेक्षक होतात, आणि हे मला अजिबात सहन होत नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी दमशेराज ठेवावा. सिनेमाचं नाव हातवाऱ्यांनी ओळखायचं असतं, तिथे कानाचं काम कमी आणि जुन्या सिनेमांची आठवण जास्त लागते. आमच्या गच्चीवर या खेळात सत्तरीतले काका सहसा हरत नाहीत.

कोडी शेवटी, मुलं पेंगायला लागली की. राजस्थानात सासरी आलेल्या जावयाला बायका कोडी घालतात, म्हणून गल्लीतल्या नव्या जावयाला मी माझं एक घातलं: कवड्या नाहीत, सोंगट्या नाहीत, चार हातांच्या पटावर माणसंच चालतात. तो कोट्याचा, बराच वेळ विचार करत बसला. उत्तर त्याच्या चार वर्षांच्या भाचीने दिलं. ती रोज आजोबांच्या स्कूटरवरून जयपूरच्या त्याच चौकातून शाळेत जाते: बडी चौपड!