बॉडी उशिरा, लेन्स आधी

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात एखाद्या उंची मिररलेस कॅमेऱ्याचा भाव विचारला, की आकड्याआधी प्रश्न येतो, "इंडिया वॉरंटीवाला हवा की ग्रे?" ग्रे म्हणजे कंपनीच्या भारतातल्या अधिकृत वाटेने न आलेला माल. कॅमेरा अस्सलच असतो, खोका सीलबंद असतो आणि भाव ऐकून माणूस विरघळतो. पण त्याला भारतातली हमी नसते. बिल बहुधा नसतं, किंवा असून नसल्यासारखं असतं. असा माल ओळखायची खूण साधी आहे. आयात केलेल्या वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत असलीच पाहिजे, असा वजन-मापांचा नियम आहे. ते लेबल नसेल, तर पुढची घासाघीस कशासाठी करायची हे ज्याचं त्याने ठरवावं.

ग्रे माल स्वस्त पडतो तो मुख्यतः करामुळे. डिजिटल कॅमेऱ्यावर सुरुवातीला २८ टक्के जीएसटी होता. १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्क्यांवर आला. निकॉनचा झेड ८ मे २०२३ मध्ये भारतात आला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत ३,४३,९९५ रुपये होती. त्यातले बावन्न हजारांच्या वर रुपये हा निव्वळ जीएसटी. फोटोग्राफी हाच ज्याचा धंदा आहे आणि ज्याची जीएसटी नोंदणी आहे, त्याला ही रक्कम स्वतः भरायच्या करातून वळती करता येते. बिलावर आपला क्रमांक घालून घेतला, की ग्रे मालाचं आकर्षण त्याच्यापुरतं जवळजवळ संपतं. हौशी माणसाला ही सोय नाही. त्याच्या हाती एकच हत्यार आहे, थांबण्याचं.

आणि बॉडीच्या बाबतीत थांबणं फळतं. सोनीचा ए७ थ्री २०१८ चा. ए७ फोर ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये भारतात २,४२,४९० रुपयांना आला. ए७ फाइव्ह डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. म्हणजे दोन पिढ्यांत साधारण चार वर्षांचं अंतर. नवा आला तरी जुन्याची विक्री लगेच थांबत नाही. ए७ फोर आल्यावरही ए७ थ्री दुकानांत मिळतच होता. भाजीसारखंच आहे हे, बाजार उठायच्या सुमारास गेलं की तोच माल कमी पैशांत मिळतो. फरक इतकाच, की हा माल शिळा होत नाही. ए७ थ्री चोवीस मेगापिक्सेलचा, ए७ फोर तेहतीसचा. लग्नाचा अल्बम चोवीसमध्ये उत्तम छापला जातो. नव्या पिढीत फोकस अधिक चलाख होतो, व्हिडिओ सुधारतो. त्यावर ज्याचं पोट आहे त्याने पहिल्या दिवशी घ्यावा. बाकीच्यांनी पहिल्या दिवशी फक्त बातमी वाचावी.

लेन्सचं तसं नाही. चांगली लेन्स दहा वर्षं बाजारात टिकते, भाव हळू उतरतो आणि जुनी विकतानाही बरे पैसे येतात. शिवाय आपण कोणत्या माउंटच्या, म्हणजे बॉडीला लेन्स जोडणाऱ्या खाचेच्या, घरात राहायला जातो, त्यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. सोनीने आपल्या ई-माउंटची मूलभूत माहिती २०११ पासून इतर लेन्स कंपन्यांना खुली केली, म्हणून त्यात सिग्मा आणि टॅमरॉनच्या किफायती लेन्स भरपूर. कॅननचा आरएफ माउंट २०१८ मध्ये आला आणि बराच काळ बाहेरच्यांना बंद राहिला. २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला परवाना मिळाला तोही लहान सेन्सरसाठीच्या लेन्सपुरता. भिगवणला फ्लेमिंगो टिपायला जाणाऱ्याचा प्रश्न तर बॉडीचा नसतोच. त्याला लांब पल्ल्याची झूम लागते. सोनीची २००-६००, निकॉनची १८०-६०० किंवा कॅननची २००-८०० यांपैकी कोणती परवडते ते आधी पाहावं, बॉडी तिच्यामागून निवडावी. लोक नेमकं उलटं करतात, आणि तीन लाखांच्या बॉडीला किट लेन्स लावून उजनीच्या काठावर बसतात.

दसरा-दिवाळीच्या सवलतींबद्दल थोडक्यात. बॅग, ट्रायपॉड, मेमरी कार्ड 'फुकट' असं दिसलं, की त्या वस्तू वजा करून काय भाव देता, हे विचारावं. उत्तर पुष्कळदा सुखद असतं. कार्डाचा प्रकारही पाहावा: झेड ८ मध्ये सीएफएक्स्प्रेस बी चालतं, ए७ फोरमध्ये त्याच घराण्यातलं ए, आणि दोन्ही साध्या एसडी कार्डाहून बरीच महाग. 'नो कॉस्ट ईएमआय' हा शब्दांचा खेळ आहे. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच आळा घातला. आता व्याज लागतंच. तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी आधी देते, व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र आपल्या खात्यातून जातं. त्यामुळे रोखीचा भाव वेगळा विचारल्याशिवाय कार्ड पुढे करू नये.

परदेशातल्या भावाबहिणीकडून मागवायचा मोहही याच दिवसांत होतो. कस्टमची शुल्कमुक्त मर्यादा अशा कॅमेऱ्याच्या किमतीपुढे फार तोकडी आहे. वरच्या रकमेवर शुल्क भरलं, की फायद्यातला मोठा वाटा गेला. जपानहून आणणाऱ्याने आणखी एक पाहावं: तिथल्या देशी बाजारासाठीच्या सोनीच्या बऱ्याच बॉडींत मेनू फक्त जपानीत असतो. आणि आपला महागडा कॅमेरा घेऊन परदेशी निघालात, तर जाताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, येताना वाद होत नाही.

उरला वापरलेला माल, आणि माझ्या मते हौशी माणसाचा खरा भाव तिथेच आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, त्याआधी व्यावसायिक मंडळी नव्या बॉडी घेतात आणि जुन्या विकायला काढतात. शटर काउंट विचारावा, पण त्याचं स्तोम माजवू नये. ए७ थ्रीचं शटर दोन लाख क्लिकपर्यंत तपासलेलं, कॅननच्या आर५ चं पाच लाख, आणि झेड ८ ला तर यांत्रिक शटरच नाही. त्यापेक्षा पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ वर काढून सेन्सरवरचे डाग पाहावेत, माउंट हलतोय का बघावं, बॅटरी आणि कार्डाची झाकणं उघडून-मिटून पाहावीत. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारावा. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे काढलेल्या लेन्सला बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, आणि ते पुसून जात नाहीत. शेवटी मूळ बिल मागावं आणि त्यावरचा अनुक्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. विकणारा इथे घुटमळला, तर पैसे खिशातच ठेवावेत.