खर्जातली साठ वर्षं

बिग बँडमध्ये सॅक्सोफोनवाल्यांची एक रांग असते. दोन आल्टो, दोन टेनर आणि टोकाला एक बॅरिटोन. बॅरिटोन आल्टोच्या बरोबर एक सप्तक खाली बोलतो. वजन पाच-सहा किलो, आणि मूळची नळी इतकी लांब की वरच्या टोकाला तिचं वेटोळं करावं लागतं. आडॉल्फ साक्सने १८४६ मध्ये पॅरिसला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं, त्यात हा थोराड प्रकारही होता. पण जॅझमध्ये सुरुवातीला त्याच्या वाट्याला एकच काम आलं: खालचा सूर धरून ठेवायचा. टाळ्या टेनरवाल्याने घ्यायच्या.

१९२७ ते १९८६ या साठ वर्षांत हे चित्र पालटलं. वादकांचा दम आणि बोटं यांचं ते श्रेय आहेच. पण या काळातल्या उत्तम ध्वनिमुद्रिका ओळीने ऐकल्या की आणखी एक गोष्ट कानावर येते. बॅरिटोन खुलला तो दर वेळी रचनाकाराने त्याच्यासाठी मोकळी जागा ठेवली तेव्हा.

पहिली जागा ड्यूक एलिंग्टनने दिली. बोस्टनचा हॅरी कार्नी १९२७ मध्ये, सतराव्या वर्षी, एलिंग्टनच्या वाद्यवृंदात आला आणि ४७ वर्षं तिथून हलला नाही. सर्वांत खालचं वाद्य म्हणून स्वरसंगतीचा पायाचा सूर बॅरिटोनला द्यायचा, हा सरधोपट रिवाज एलिंग्टनने पाळला नाही. तो कार्नीला अनेकदा मधलाच, अनपेक्षित सूर द्यायचा, आणि त्या एका सुराने सगळ्या रांगेचा रंग बदलायचा. ‘सोफिस्टिकेटेड लेडी’ ही कार्नीची हुकमी चीज. नाकाने श्वास घेत, गालातली हवा फुंकत तो शेवटचा सूर इतका लांबवायचा की श्रोते अवाक व्हायचे.

कार्नीचा भारताशीही संबंध आहे. १९६३ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने एलिंग्टनचा वाद्यवृंद पश्चिम आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठवला; दिल्ली आणि मुंबईतही त्याचे कार्यक्रम झाले. त्या प्रवासाच्या आठवणींतून एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी ‘फार ईस्ट स्वीट’ रचला, तो १९६६ च्या अखेरीस ध्वनिमुद्रित झाला. त्यातला ‘आग्रा’ हा भाग कार्नीसाठी आहे. ताजमहाल म्हटल्यावर दुसऱ्या कुणी बासरी-सतारीचा साज चढवला असता. एलिंग्टनने तो संगमरवर बॅरिटोनच्या जाड, सावकाश आवाजावर सोपवला. गावोगावच्या दौऱ्यांत एलिंग्टन बसऐवजी कार्नीच्या मोटारीने जायचा आणि कार्नी गाडी चालवायचा. मे १९७४ मध्ये एलिंग्टन गेला, त्याच ऑक्टोबरात कार्नीही.

दुसरी जागा मिळाली १९४७ मध्ये. वुडी हर्मनच्या बँडसाठी जिमी जुफ्रीने ‘फोर ब्रदर्स’ लिहिलं: तीन टेनर आणि एक बॅरिटोन, चौघे एकाच चालीवर खांद्याला खांदा लावून धावतात. इथे बॅरिटोन तळाशी रेंगाळत नाही. तो वाजवणारा सर्ज चॅलॉफ हाही बोस्टनचाच. त्याची आई मार्गारेट पियानोची नामांकित शिक्षिका होती. चार्ली पार्करच्या आल्टोतली चपळाई त्याने या अवजड वाद्यात आणली. पुढे हेरॉइनने त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. त्यातून सावरून १९५६ मध्ये त्याने ‘ब्लू सर्ज’ केला. साथीला फक्त तिघे: पियानोवर सॉनी क्लार्क, बासवर लेरॉय व्हिनेगर, ड्रम्सवर फिली जो जोन्स. ‘थँक्स फॉर द मेमरी’मध्ये तो कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत जातो, तेही एकाच दमात वाटावं असं. त्याच वर्षी त्याला मणक्याचा कर्करोग झाल्याचं कळलं. फेब्रुवारी १९५७ मध्ये जुन्या ‘बंधूं’बरोबर तो चाकाच्या खुर्चीतून येऊन वाजवून गेला. जुलैमध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता.

सामान्य श्रोत्याला बॅरिटोनचं नाव ठाऊक झालं ते जेरी मलिगनमुळे. तो मुळात रचनाकार. माइल्स डेव्हिसच्या ज्या नऊ जणांच्या ताफ्याची १९४९-५० मधली ध्वनिमुद्रणं पुढे ‘बर्थ ऑफ द कूल’ म्हणून गाजली, त्यात मलिगन वाजवत होता आणि त्यातल्या अनेक रचनाही त्याच्याच होत्या. १९५२ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या ‘द हेग’ या छोट्या क्लबमध्ये वाजवू लागला. तिथला मोठा पियानो हलवलेला होता, कारण मुख्य कार्यक्रम करणाऱ्या रेड नॉर्व्होच्या तिघांना त्याची गरज नव्हती. मलिगनने पियानोशिवायच चौकडी उभी केली. सोबत चेट बेकरचा ट्रम्पेट, खाली बास आणि ड्रम्स.

पियानोची भरगच्च स्वरसंगती गेल्यावर बॅरिटोनच्या आजूबाजूला हवा खेळू लागली. बेकर चाल छेडतो, मलिगन खालून दुसरी चाल विणतो, मग दोघे जागा बदलतात. वर्षभरात ही चौकडी देशभर गाजली. १९५३ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात मलिगन तुरुंगात गेला आणि ती मोडली. पण नुसत्या चार वाद्यांत बॅरिटोन किती हलका होऊ शकतो, हे तोवर कळून चुकलं होतं. १९६३ च्या ‘नाइट लाइट्स’मध्ये तो अगदी मऊ, जवळून बोलल्यासारखा वाजतो. गंमत म्हणजे शीर्षकरचनेत मलिगन स्वतः पियानोवर बसला आहे. स्वीडनमध्ये त्याआधीच, पन्नासच्या दशकात, लार्स गुलीनही तशीच हलकी, पण जास्त उदास वाट चोखाळत होता. १९५५ चं त्याचं ‘डॅनीज ड्रीम’ ऐकावं.

पेपर ॲडम्सला मऊपणाचं वावडंच होतं. डेट्रॉइटमध्ये घडलेल्या या वादकाचं टोपणनाव ‘द नाइफ’, आणि आवाज खरंच सुरीसारखा. ‘१० टू ४ ॲट द ५ स्पॉट’ ही १९५८ ची मैफल त्याचा सगळा आवेश दाखवते. डॉनल्ड बर्डचा ट्रम्पेट आणि एल्विन जोन्सचे ड्रम्स मागे लागले असतानाही त्याच्या लांबलचक ताना तुटत नाहीत. दुसऱ्याच वर्षी चार्ल्स मिंगसने ‘ब्लूज अँड रूट्स’मध्ये ‘मोनिन’ची सुरुवात एकट्या बॅरिटोनवर सोपवली. ॲडम्स खरखरीत आवाजात चाल टाकतो, मग एकेक वाद्य त्यावर चढत जातं आणि शेवटी नऊ जणांचा कल्लोळ होतो. टोकाला बसणाऱ्याच्या हाती थेट आरंभ आला होता.

सत्तरच्या दशकात बॅरिटोनला साथीचीही गरज उरली नाही. हॅमिएट ब्लुइटने १९७७ मध्ये न्यूयॉर्कला एकट्याने मैफल केली, ती ‘बर्थराइट’ या नावाने निघाली. इंग्लंडच्या जॉन सर्मनने १९७९ च्या ‘अपॉन रिफ्लेक्शन’मध्ये सॅक्सोफोन आणि सिंथेसायझर एकावर एक मुद्रित करून स्वतःच स्वतःला साथ दिली. ब्लुइटच्या वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेटमध्ये ना बास, ना ड्रम्स. लय आणि खर्ज दोन्ही त्यानेच सांभाळायचे. या चौघांनी १९८६ मध्ये एलिंग्टनच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली, त्यात कार्नीची ‘सोफिस्टिकेटेड लेडी’ही आहे. त्याच वर्षी पेपर ॲडम्स गेला.

नव्याने ऐकू पाहणाऱ्याने ‘नाइट लाइट्स’पासून आरंभ करावा, मग ‘ब्लू सर्ज’, मग ‘मोनिन’. कान रुळला की ‘आग्रा’. ‘बर्थराइट’ सगळ्यात शेवटी. फक्त मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकू नये. बॅरिटोनचे तळाचे सूर ६५ ते ७० हर्ट्झपर्यंत उतरतात आणि तो स्पीकर तिथवर पोहोचतच नाही; कार्नीचा अर्धा आवाज तिथेच गळून पडतो. चांगले हेडफोन लावावेत, नाहीतर घरातला जुना म्युझिक सिस्टिम धूळ झटकून सुरू करावा.