सिल्वासाहून घरी परतलेली माणसं

२ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दादरा-नगर हवेलीत, सिल्वासाला, तिरंगा चढला. १ एप्रिल १९५५ रोजी, शुक्रवारी, रामनवमीच्या सकाळी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणातलं पहिलं गाणं ऐकू आलं. दोन तारखांमध्ये जवळजवळ आठ महिने गेले आणि दोन्हीकडे एकच माणूस होता. गीतरामायणाला चाली लावणारे आणि त्यातली अनेक गाणी स्वतः गाणारे सुधीर फडके दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामाच्या आखणीतही होते आणि प्रत्यक्ष मोहिमेतही. मराठी वाचकाला ही गोष्ट अगदीच नवी नाही. २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या चरित्रपटामुळे ती पुन्हा थोडी बोललीही गेली. पण आपण ती बहुधा कौतुकाचा एक तुकडा म्हणून सांगतो: बाबूजी, म्हणजे फडके, गायचे आणि वेळ पडली तेव्हा लढलेही. त्यात एक प्रश्न दडलेला आहे: हातातलं शस्त्र आणि घरचा संसार यांचं नातं काय? त्याचं उत्तर सुपरहिरोंच्या गोष्टींपेक्षा सिल्वासात जास्त नीट सापडतं, असं मला वाटतं.

सुपरहिरोंच्या गोष्टींचा साचा आता घरातल्या लहान पोरांनाही पाठ आहे. नायकाच्या अंगी अचाट शक्ती असते, ती त्याला फारशी नकोच असते, आणि घरच्यांना तिची झळ लागू नये म्हणून तो ती लपवत फिरतो. आपल्या ‘क्रिश’मध्ये (२००६) आजी नातवाला जगापासून दूर डोंगरात घेऊन जाते, कारण शक्तीपायी मुलगा गमावला ही जखम तिच्या मनात ताजी असते. ‘द इन्क्रेडिबल्स’ या २००४ च्या अमेरिकन चित्रपटातला बाप विमा कंपनीत फायली सरकवत दिवस काढतो. १९६२ मध्ये जन्मलेला स्पायडरमॅन आपल्या काकूपासून आपलं खरं रूप लपवतो. या सगळ्यांत घर म्हणजे नायकाचं मर्मस्थान. खलनायकाला नायकाशी लढता आलं नाही की तो त्याच्या बायकापोरांना उचलतो. म्हणजे संसार हा शक्तीतला अडसर, आणि शक्ती ही संसारावरची टांगती तलवार. सिल्वासाची हकीकत मात्र दुसरंच काही सुचवते. हातात शस्त्र घेतलेल्या माणसाला परत कशाकडे जायचं आहे, यावर त्या शस्त्राचं पुढे काय होतं हे ठरतं. संसार तिथे दुबळी बाजू नव्हता, लगाम होता.

आधी जागा समजून घेऊ. १७७९ च्या तहानंतर मराठ्यांनी नगर हवेलीतल्या गावांचा महसूल पोर्तुगीजांना लावून दिला आणि १७८३ मध्ये तो मुलूख त्यांच्या हाती गेला. दादरा त्यांनी दोन वर्षांनी विकत घेतलं. समुद्रकाठचं दमण एकीकडे, आत जंगलपट्ट्यातली वारली, कोकणा आणि धोडिया वस्ती दुसरीकडे, आणि मध्ये भारताची जमीन. १९४७ नंतर ही मधली पट्टीच सगळ्या खेळाची किल्ली ठरली. २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या माणसांनी फ्रान्सिस मस्करेन्हस आणि वामन देसाई यांच्या पुढाकाराने दादऱ्याचं पोलिस ठाणं घेतलं. २८ जुलैला नरोली पडली; तिथे राजा वाकणकर आणि नाना काजरेकर यांची तुकडी होती, त्यात संघाचे स्वयंसेवक आणि आझाद गोमंतक दलाची माणसं. तलासरीच्या बाजूने वारली चळवळीतले कम्युनिस्ट कार्यकर्तेही आत शिरले होते. त्या दिवसांत दमणगंगा दुथडी भरलेली असते, वाटा चिखलात बुडालेल्या असतात. पोर्तुगीजांचा कॅप्टन फिदाल्गो सुमारे दीडशे शिपाई घेऊन सिल्वासा सोडून खानवेलकडे सरकला आणि ११ ऑगस्टला उदव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. पहिल्या गोळीपासून शेवटच्या शरणागतीपर्यंत तीन आठवडे.

हा वेळ फार थोडा आहे, आणि त्याहून लक्षात घेण्यासारखं आहे ते त्यानंतरचं. बंदुका घेऊन आत गेलेल्यांनी तिथे स्वतःची गादी मांडली नाही. कारभार वरिष्ठ पंचायतीकडे गेला आणि सात वर्षं हा एवढासा मुलूख स्वतःचं स्वतः चालला. टपाल खात्याने जुन्या पोर्तुगीज तिकिटांवरच ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं छापून ती वापरात आणली. टेबलावर उरलेली जुनी तिकिटं गोळा करून, त्यांवर शाई लावून, रोजचा व्यवहार पुढे ढकलायचा, ही घर चालवणाऱ्या माणसाची बुद्धी आहे. पुढे १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यासाठी कोणी तरी अधिकारी माणूस लागतो म्हणून के. जी. बदलाणी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं या मुलखाचं पंतप्रधान केलं गेलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आपल्या नोकरीत. सत्ता हाती येणं आणि ती संध्याकाळी खाली ठेवणं, याचं याहून साधं उदाहरण मला आठवत नाही.

आणि ही माणसं गेली कुठे? फडके चालींकडे गेले. बाबासाहेब पुरंदरेही या मोहिमेत होते. त्यांनी उरलेलं आयुष्य शिवचरित्राला दिलं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, म्हणजे ज्या हातांनी नगर हवेलीत शस्त्र धरलं ते पुढे किराणा दुकानदाराचं माप तपासू लागले. प्रभाकर सिनारी मात्र गणवेशातच राहिले, पण तो मुक्त गोव्याच्या पोलिसांचा गणवेश होता. प्रत्येकाजवळ लढाईच्या बाहेरचं, लढाईपेक्षा मोठं वाटणारं काही तरी होतं. ज्याच्याजवळ ते नसतं, त्याच्यासाठी लढाईच सगळं आयुष्य होऊन बसते, आणि मग ती संपवायची इच्छाही उरत नाही.

इथे कोणी म्हणेल की या संयमाचं श्रेय घरादाराला देण्यात भाबडेपणा आहे. खरं श्रेय भारत सरकारच्या नाकेबंदीला. दमणहून कुमक निघाली असती तर ती भारतीय जमिनीवरूनच आली असती, आणि भारताने वाट दिली नाही. पोर्तुगालने हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालचा ये-जा करण्याचा हक्क मान्य केला, पण सशस्त्र दलं, सशस्त्र पोलिस आणि शस्त्रं यांसाठी असा हक्क नाही, असं सांगितलं, आणि भारताने आपली मर्यादा ओलांडली नसल्याचाही निर्वाळा दिला. हा आक्षेप बिनतोड आहे, आणि तो मान्य करायलाच हवा. नाकेबंदी नसती तर तीन आठवड्यांची मोहीम तीन वर्षांचं रक्तरंजित प्रकरण झाली असती. पण नाकेबंदीने फक्त लढाई का संपली हे कळतं. जिंकलेली माणसं निमूटपणे घरी का परतली, याचं उत्तर तिच्यात नाही. जगात अशा कितीतरी टोळ्या आहेत ज्यांना बाहेरून मदत मिळाली, विजय मिळाला, आणि मग त्या परत जायलाच तयार झाल्या नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. यातले कित्येक तरुण अविवाहित होते. त्यांना कुठला संसार? खरंच आहे. त्याच काळातला दुसरा एक माणूस घ्या. सांगलीचा मनोहर आपटे गोव्यात मराठीचा मास्तर होऊन गेला तो मोहन रानडे या नावाने. दोन नावं, दिवसा शाळा, बाकी वेळ भूमिगत काम: सुपरहिरोचा सगळा सरंजाम इथे खराखुरा हजर आहे. १९५५ मध्ये बेतीच्या पोलिस चौकीवरच्या हल्ल्यात ते पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली, गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले, आणि जानेवारी १९६९ मध्ये सुटले. त्यांच्यामागे बायकोमुलं नव्हती, हे खरं. पण त्यांना बाहेर काढण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट करणाऱ्या समितीत सुधीर फडके होते, पु. ल. देशपांडे होते. नगर हवेलीच्या मोहिमेसाठी पैसा उभा करायला लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या, तेही फडक्यांच्याच शब्दावरून. तिकीट काढून ते गाणं ऐकायला बसलेले कारकून, मास्तर, त्यांच्या बायका हेच या लढाईचे सावकार. म्हणून संसाराचा अर्थ लग्नापुरता धरला तर माझं म्हणणं कोसळतं. आपली वाट पाहणारी आणि आपल्याला जाब विचारू शकणारी माणसं एवढा धरला तर ते टिकतं.

मात्र हा लगाम कोणाच्या हातात होता आणि त्याने त्या हातांना किती कापलं, हे विसरून चालणार नाही. फडक्यांचं लग्न १९४९ मध्ये झालं, मंगलाष्टकं महंमद रफींनी म्हटली. वधू ललिता देऊळकर स्वतः नाव मिळवलेली पार्श्वगायिका होती. १९४८ च्या ‘नदिया के पार’मध्ये तिने रफींबरोबर गायलेलं गाणं देशभर वाजत होतं. १९५० मध्ये श्रीधरचा जन्म. म्हणजे नगर हवेलीची मोहीम झाली तेव्हा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. नवरा पावसात, सरहद्दीपलीकडे, बंदुकीच्या माऱ्यात असताना घरचं कोण पाहतं याला इतिहासात तारीख नसते. तसंच दुसऱ्या बाजूचंही. दादऱ्याच्या ठाण्यात मारले गेलेले उपनिरीक्षक अनिसेतो दो रोझारियो आणि शिपाई अँटोनियो फर्नांडिस हे पोर्तुगालच्या चाकरीतले, पण भारतीय वंशाचेच. पोर्तुगालने रोझारियोला मोठा सन्मान दिला. आपल्याकडच्या वर्णनांत तो एका वाक्यात मरतो. शस्त्र किती घातक असतं याचा पुरावा हवा असेल तर तो तिथे आहे, विजयाच्या मिरवणुकीत नाही.

फडके स्वतः नाखूश वीर होते का? चित्रपटातल्या अर्थाने नव्हते. ते आपण होऊन गेले, आणि पुढे सावरकरांवरच्या चित्रपटासाठीही त्यांनी आयुष्याची उतरती वर्षं खर्ची घातली. तो २००१ मध्ये लागला, ते २००२ मध्ये गेले. ध्यास त्यांनी कधी खाली ठेवला नाही. ठेवलं ते शस्त्र. सिल्वासानंतर आठ महिन्यांनी ग. दि. माडगूळकरांचे शब्द हाती आले आणि वर्षाहून थोडा जास्त काळ दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी झाली; त्यांत ललिताबाईंचाही आवाज आहे. धनुष्य आणि घर यांच्या ओढाताणीची याहून मोठी कथा आपल्याकडे नाही. राक्षस मारलेल्या राजाला बायको राखता आली नाही, आणि माडगूळकरांनी सुरुवातच त्या तुटलेल्या घरापासून केली. अयोध्येच्या सभेत दोन मुलं रामासमोर रामाचीच कथा गात आहेत, आणि ती आपली मुलं आहेत हे ऐकणाऱ्या बापाला ठाऊक नाही. त्या शुक्रवारी सकाळी हे गाणारा आवाज सिल्वासाहून परतलेल्या माणसाचा होता, आणि त्याच्या घरी साडेचार वर्षांचा मुलगा होता.