दगडावरचा राग : किल्लारी भूकंपाची लोकस्मृती आणि बदललेले घर

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमाभागाला हादरवणाऱ्या भूकंपाची महत्ता, म्हणजे भूगर्भात मुक्त झालेल्या ऊर्जेचे मोजमाप, सुमारे ६.२ होती. एवढ्या महत्तेचे भूकंप जगात दरवर्षी होतात आणि जेथे बांधणी पक्की असते तेथे त्यांत मोठी जीवितहानी होत नाही. येथे मात्र सुमारे आठ हजार माणसे दगावली. भूकंपाचा उगम जमिनीखाली फार खोल नव्हता, आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी असल्याने विसर्जन आटोपून लोक उशिरा घरी परतले होते, आणि धक्का बसला तेव्हा बहुतेक जण गाढ झोपेत होते. ही कारणे खरीच, परंतु मृत्यूंचे मुख्य कारण घरांच्या रचनेत होते, आणि भूकंपानंतरची लोकस्मृतीही प्रामुख्याने घराभोवतीच घडत गेली.

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे दोन ते चार फूट जाडीच्या दगडी भिंती आणि त्यांवर माळवद. लाकडी तुळया व फळ्यांवर पांढऱ्या मातीचा फूट-दोन फुटांचा, कधी त्याहूनही जाड थर चोपून केलेल्या सपाट छपराला माळवद म्हणतात. उन्हाळ्यात ते घर गार ठेवते आणि धान्य वाळवायला व रात्री झोपायलाही उपयोगी पडते. भिंत बाहेरून घडीव दगडांची दिसली, तरी तिचे आतले व बाहेरचे असे दोन थर वेगवेगळे रचलेले असत, त्यांच्यामधील पोकळी माती आणि दगडगोट्यांनी भरलेली असे आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड क्वचितच घातलेले असत. धक्क्याबरोबर हे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि दगडमातीचा ढीग झोपलेल्या माणसांवर कोसळला. ज्या जाड भिंती घराण्याच्या ऐपतीची खूण मानल्या जात, त्याच अधिक घातक ठरल्या. उलट कुडाच्या आणि पत्र्याच्या हलक्या निवाऱ्यांत राहणारी अनेक गरीब कुटुंबे वाचली.

या अनुभवातून लोकांनी काढलेला निष्कर्ष असा की दगडाने माणसे मारली. अभियंत्यांनी केलेल्या पाहणीतून मात्र वेगळे चित्र पुढे आले : अनेक घरांत भिंती ढासळूनही लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभाच राहिला होता, म्हणजे दोष दगड या साहित्यापेक्षा दगड बांधण्याच्या पद्धतीत आणि छपराच्या अतिरिक्त वजनात होता. शास्त्रीय स्पष्टीकरण आणि लोकस्मृती यांतील हे अंतर पुढे प्रत्यक्ष धोरणांच्या वाटेत आले.

तज्ज्ञांवरील अविश्वासाची पार्श्वभूमीही आधीच तयार होती. १९९२ च्या ऑगस्टपासून काही महिने याच सीमाभागातील किल्लारी परिसरात शंभराहून अधिक लहान धक्के जाणवले होते आणि लोक घराबाहेर झोपू लागले होते. धक्के थांबल्यावर माणसे पुन्हा माळवदाखाली गेली. भारतीय मानक ब्यूरोच्या त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. तेरणा नदीवरील माकणीच्या धरणामुळे भूकंप झाला असावा, हा संशय गावोगाव रुजला आणि त्यावर शास्त्रज्ञांचेही एकमत झाले नाही. पुढे २००२ मध्ये पहिला विभागच रद्द करून हा परिसर तिसऱ्या विभागात समाविष्ट करण्यात आला.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसनात पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेनुसार ठरले : भूमिहीन आणि अत्यल्प भूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४००, तर मोठ्या जमीनदारांना ७५०. जुन्या गावाची विषमता अशा रीतीने नव्या गावाच्या आराखड्यात चौरस फुटांत नोंदली गेली. काटकोनात आखलेले रुंद रस्ते, एकमेकांपासून दूर गेलेली घरे, जनावरे आणि कडब्यासाठी अपुरी जागा यांमुळे गल्लीतला दैनंदिन सहवास विरळ झाला, आणि याचा भार घरकाम व शेजार सांभाळणाऱ्या स्त्रियांवर अधिक पडला.

जी गावे जागेवरच राहिली तेथे बळकटीकरणाची, म्हणजे आरपार दगड घालणे, भिंतींना सलग पट्टा बांधणे आणि माळवदावरची माती कमी करणे अशा उपायांची योजना होती. जुन्या भिंतीवरचा विश्वास उडालेल्या बहुसंख्य कुटुंबांनी मिळालेले अर्थसाहाय्य त्याऐवजी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधण्यासाठी वापरले. त्या खोलीत माणसे निर्धास्त झोपू लागली, परंतु जुने घर दुबळेच राहिले आणि दगडी बांधकाम सुधारून टिकवण्याची संधी बव्हंशी हुकली. दगड घडवणाऱ्या आणि माळवद घालणाऱ्या कारागिरांचे काम घटले व त्यांच्याजवळचे ज्ञान पुढच्या पिढीकडे जाईनासे झाले.

पुनर्वसनाच्या याच प्रक्रियेतून काही माणसे मात्र नव्या भूमिकेत आली. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून शासन आणि ग्रामस्थ यांच्यातील दुवा बनल्या. त्यांनी सुरक्षित बांधकामाची माहिती घरोघरी नेली आणि ग्रामसभेत हिशेब विचारला. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर याच स्त्रियांपैकी काहीजणी गुजरातेत जाऊन तेथील आपद्ग्रस्त बायकांशी बोलल्या. आपत्तीत सापडलेली व्यक्ती पुढील आपत्तीत मार्गदर्शक होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील शेकडो मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था पुण्याला केली आणि त्यांतून एक शहरी झालेली पिढी घडली. शासकीय भरतीतील भूकंपग्रस्तांसाठीचे दोन टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या अंतर्गत राखलेला वाटा, यामुळे ‘भूकंपग्रस्त’ ही ओळख तरुणांच्या कागदपत्रांतही टिकून राहिली.

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते, आणि ‘भूकंपाच्या आधी’ व ‘भूकंपानंतर’ ही कालगणना बोलण्यात अजूनही चालते. दुःखाची स्मृती अशी शाबूत असताना घरे का पडली याचे ज्ञान मात्र तितक्या निष्ठेने हस्तांतरित झालेले नाही. वाढत्या कुटुंबांसाठी जोडलेल्या खोल्यांत भूकंपरोधक पट्टा नसला, तरी सिमेंट आहे म्हणून घर सुरक्षित आहे असे गृहीत धरले जाते. काल दगडावर ठेवलेला सगळा दोष आणि आज सिमेंटवर ठेवलेला सगळा विश्वास, दोन्हींच्या मुळाशी साहित्यालाच कर्ता मानण्याची एकच चूक आहे. ती दुरुस्त करायची असेल, तर भिंत कशी बांधावी हा प्रश्न स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाइतकाच शाळेत, ग्रामसभेत आणि गवंड्याच्या कामावर विचारला जाणे आवश्यक आहे.