‘रिजेक्ट’च्या उलट काय?

शाळेत ‘रिजेक्ट’समोर ‘अ‍ॅक्सेप्ट’ लिहून आपण सगळ्यांनीच एक मार्क मिळवलाय. तीच सवय घेऊन मी पीएचडीला आले आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तोंडावर आपटले.

काम साधं होतं. साच्याची वाळू एकमेकींना धरून राहावी म्हणून तिच्यात बेंटोनाइट ही माती घालतात. नेहमीच्याऐवजी स्वस्तातलं बेंटोनाइट वापरलं तर कास्टिंगचं रिजेक्शन वाढतं का, एवढंच बघायचं. दोन्हीची तीस-तीस कास्टिंग घेतली. जुन्यात ३ रिजेक्ट, नव्यात ६. टेस्ट लावली, पी व्हॅल्यू ०.०५च्या बरीच वर आली. मी रिपोर्टात लिहिलं : नल हायपोथेसिस अ‍ॅक्सेप्टेड, फरक नाही.

सुपरवायझर वाचून म्हणाले, “मॅडम, मग उद्यापासून स्वस्तातलंच मागवू? पण रिजेक्शन तर डबल दिसतंय की!”

मला उत्तर सुचेना.

आता शब्दाकडे बघा. शॉपफ्लोअरवर ‘रिजेक्ट’च्या उलट ‘ओके’, आणि मध्ये ‘रिवर्क’. जर्नलमध्ये उलट ‘अ‍ॅक्सेप्ट’, मध्ये ‘रिव्हिजन’. इलेक्ट्रॉनिक्सच्या फिल्टरमध्ये उलट ‘पास’. मूळ लॅटिन अर्थ ‘मागे फेकणे’, आणि फाउंड्रीत तो शब्दशः खरा आहे, कारण रिजेक्ट माल फोडून पुन्हा भट्टीतच जातो.

संख्याशास्त्रात मात्र उलट शब्द आहे ‘फेल टू रिजेक्ट’, म्हणजे नाकारता आलं नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात प्रामाणिकपणा आहे. पुरावा कमी पडला, एवढंच ते सांगतं. फरक नाही असं ते म्हणतच नाही. तेच प्रमाण ३०० कास्टिंगवर धरून बघा : ३० विरुद्ध ६०. आता पी व्हॅल्यू ०.००१च्याही खाली जाते. फरक तेवढाच, पुरावा दहापट. (एकाच हीटची तीस कास्टिंग म्हणजे तीस स्वतंत्र नग नव्हेत, ही माझी दुसरी चूक. तिच्यावर वेगळं लिहीन.)

नल हायपोथेसिस कधी सिद्ध होत नाही, हे फिशर यांनी १९३५च्या पुस्तकातच सांगून ठेवलंय. मग काही पुस्तकांत ‘अ‍ॅक्सेप्ट’ कुठून येतं? नेमन आणि पिअर्सन यांच्या मांडणीतून. तिथे त्याचा अर्थ ‘सध्या असं समजून वागा’ एवढाच; ‘हे खरं आहे’ असा नाही. लॉट घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवणाऱ्याला तो अर्थ पुरतो. पण त्यासाठी दोन्हीकडच्या चुकीची किंमत आधी ठरवावी लागते : चांगला लॉट परत गेला तर बनवणाऱ्याचं नुकसान, खराब लॉट घेतला तर गिऱ्हाइकाचं. मी यातलं काहीच ठरवलं नव्हतं. दहा टक्के रिजेक्शन वीस टक्के झालं तर ते ऐंशी टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक बाजूला साधारण २०० कास्टिंग लागतात. माझ्याकडे तीस होती.

सिनॉप्सिस लिहिताय? मग ‘अ‍ॅक्सेप्टेड’ हा शब्द फाइलमध्ये शोधा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, सॅम्पल किती होतं?

माझं वाक्य आता असं आहे : ‘एवढ्या नगांवरून फरक आहे की नाही हे सांगता येत नाही.’ सुपरवायझरना ते पटलं. जुनंच बेंटोनाइट चालू आहे, आणि दोनशे-दोनशे कास्टिंगसाठी मी रोज त्यांच्या मागे लागलेय.