पाचवी-आठवीची परीक्षा आणि मधले दोन महिने

दि. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक हिशेब मांडला : प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत केवळ १८ पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात. शिक्षणातील कोणतीही सुधारणा आम्ही याच कसोटीवर तपासतो : तिने मूल शाळेत टिकते की गळते?

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणासही त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली. परीक्षा बुडवणे हा त्यामागील हेतू नव्हता. वर्षभर सातत्यपूर्ण मूल्यमापन करून उणीव वेळीच भरून काढावी, हे त्यात अभिप्रेत होते. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास मागे ठेवण्याची मुभा मिळाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने ती स्वीकारली.

पालकांच्या कानी यातला ‘नापास’ एवढाच शब्द पडतो. कायदा मात्र आणखी बरेच सांगतो. पहिल्या परीक्षेत अनुत्तीर्ण ठरलेल्यास जादा अध्यापन मिळावे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी मिळावी. त्यानंतरच त्याला मागे ठेवता येते. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही.

या सुधारणेचा खरा प्राण त्या दोन महिन्यांत आहे. अपूर्णांक पक्के न झालेले मूल पुढे गुणोत्तर-प्रमाणात अडखळते. त्याला तोच धडा पुन्हा वाचून दाखवल्याने काही साधत नाही. भाकरीचे चार भाग करण्यापासून नव्याने सुरुवात करावी लागते. नेमके कोठे अडले, हे शोधणे हेच शिक्षकाचे काम होय.

कोन आणि भिवंडी परिसरातील यंत्रमाग व गोदामांवर राबणाऱ्या कुटुंबांपुढे अडचण वेगळीच आहे. हे दोन महिने नेमके उन्हाळी सुट्टीत येतात. कुटुंब गावी जाते, मूल जादा वर्गास मुकते, पुनर्परीक्षा हुकते. मागे राहिलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलास मग कामावर धाडण्याचा विचार घरात सुरू होतो.

म्हणून पालकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे : निकालाच्या दिवशी शाळेत या, जादा वर्गाचे वेळापत्रक मागून घ्या, मगच गावाचे तिकीट काढा. माजी विद्यार्थ्यांनीही सुट्टीतील रोजचा एक तास अशा मुलांसाठी द्यावा. १९२७ चा तो हिशेब बदलण्याचे काम अजून पुरे झालेले नाही.