मुलांचा खेळ आणि आईबापांचा वेळ

कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, बोनसवर बोलावे. मोबाईलवरच्या खेळांशी त्याचा संबंध काय, असे व्याख्यानमालेच्या एका चालकांनी आम्हांला हसत हसत विचारले. संबंध आला तो असा. गेल्या पावसाळ्यात सूतगिरणीत काम करणारी एक बाई आमच्या कचेरीत आली. तिला पगारावर सात हजारांची उचल हवी होती. घरात आजारपण आहे की कोणाचे लग्न निघाले आहे, असे आम्ही विचारले. खाली मान घालून ती म्हणाली, "न्हाई अण्णा, पोरानं फोनातल्या खेळात घालवलं." मुलगा तेरा वर्षांचा. कधी ऐंशी रुपये, कधी दीडशे, असे करीत तीन आठवड्यांत बापाच्या खात्यातले सात हजार त्याने संपविले होते. बाप मालट्रकवर, आई दुसऱ्या पाळीला. आम्ही वडीलकीच्या नात्याने तिला चार शब्द सुनावले. आईबापांनी लक्ष ठेवावयास नको काय, असे म्हणालो. बाई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "लक्ष ठेवाया घरात असाया पायजे न्हवं?"

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारावरच्या सभेत आम्ही कामाच्या तासांवर तावातावाने बोलत होतो. बोलता बोलता ते वाक्य आठवले आणि आम्ही अडखळलो. जे आम्ही मालकाला सांगत होतो, तेच त्या बाईने आम्हांला सांगितले होते.

आमच्यासारख्या कामगार पुढाऱ्याची ही कथा, तर मोठ्या पुढाऱ्यांची काय सांगावी? २०१९ सालच्या जानेवारीत परीक्षेविषयीच्या कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाईन खेळाची तक्रार केली, तेव्हा हा पब्जीवाला आहे काय, असे पंतप्रधानांनी विचारले आणि सभागृह हसले. मुलांना तंत्रज्ञानापासून दूर पळवू नका, त्यांच्याशी त्याविषयी बोला, असेही त्यांनी पुढे सांगितले. पण लोकांच्या लक्षात राहिला तो विनोद. पुढच्याच महिन्यात गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी हा खेळ घराघरांतला राक्षस झाल्याचे सांगून त्यावर निर्बंधांची भाषा केली. मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी बंदीचा हुकूम काढला आणि खेळणाऱ्या काही तरुणांना पकडलेही. मोबाईलवर खेळ खेळल्याबद्दल पोलीस ठाण्यात नेलेल्या त्या पोरांच्या आईबापांना काय वाटले असेल, याचा विचार हुकूम काढणाऱ्याने केला असेल असे आम्हांला वाटत नाही.

अखेर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी गेला. परंतु कारण मुलांचे नव्हते. देशाच्या सुरक्षिततेचे होते. लडाखच्या सीमेवर त्या वर्षी जे घडले, त्याचा तो पडसाद. २०२१ च्या जुलैत तोच खेळ भारताचे नाव लावून परत आला. २०२२ मध्ये पुन्हा गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. शंभर जणांना एका बेटावर उतरवायचे आणि शेवटी जो उरेल तो जिंकला, अशी त्या खेळाची रचना आहे. बंद्यांच्या या खेळात मात्र शेवटी उरला तो खेळच.

ही भीती नवी नाही. १९५४ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये मुलांच्या चित्रकथांची चौकशी झाली. त्या वाचून मुले गुन्हेगार होतात असे एका मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहून सांगितले होते. आपल्याकडे १९५६ साली संसदेने अल्पवयीनांसाठी हानिकारक प्रकाशनांविरुद्ध कायदाच केला. पुढे सिनेमा झाला, व्हिडिओ झाला. १९८५-८६ च्या सुमारास आम्ही स्वतः सांगलीला नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रावर खेळत असू. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करीत. त्यांच्या खिशातली रुपयाची नाणी आम्ही दोनदा उचलली, तिसऱ्यांदा सापडलो. यंत्रात आमचा रुपया संपला की खेळ संपे, आणि मालक कॉलर धरून बाहेर काढी. मोबाईलमधल्या खेळाला संपणे ठाऊक नाही, हा फरक आम्हांला त्या बाईच्या मुलाने पहिल्यांदा समजावून दिला.

मारामारीचे खेळ खेळून मुले हिंसक होतात काय? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये ठराव करून सांगितले की, अशा खेळांचा ओरडणे, ढकलणे अशा आक्रमकपणाशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराशी तो जोडण्यास पुरेसा पुरावा नाही. २०१७ मध्ये 'ब्ल्यू व्हेल' नावाच्या प्रकाराने महाराष्ट्रात हलकल्लोळ झाला, विधिमंडळातही चर्चा झाली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये, कोणत्याही घटनेत त्या खेळाचा हात सिद्ध झालेला नाही, असे सरकारनेच लोकसभेत सांगितले. ते वृत्त आतल्या पानावर कोठेतरी आले. म्हणजे पुढाऱ्यांचे बोट बहुधा भलत्याच जागी टेकते. बंदुकीकडे सर्वांचे लक्ष जाते. गल्ल्याकडे जात नाही.

तो गल्ला कसा चालतो हे नीट समजून घेण्यासारखे आहे. खेळ फुकट मिळतो. मग कंपनीचे पोट कशावर भरते? आम्ही त्या मुलाला शेजारी बसवून दोन तास त्याचा खेळ पाहिला. पाहता पाहता आम्हांला आमचीच गिरणी दिसू लागली. रोज खेळ उघडला की काही नाणी मिळतात. सलग सात दिवस उघडला तर मोठे बक्षीस. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. याला आमच्यात हजेरी बक्षीस म्हणतात, आणि ताप अंगावर काढून माणूस त्यासाठी कामावर जातो. खेळाला हंगाम असतो. अमुक तारखेच्या आत इतकी कामे केलीत तर अमुक पोशाख, नंतर तो कधीच मिळावयाचा नाही. हे उक्ते काम झाले. बरोबरीची चार पोरे एका तुकडीत. एकजण उठला तर बाकीचे हरतात, म्हणून आईने जेवायला हाक मारली तरी उठता येत नाही. टोळीने काम घेतलेल्या ऊसतोड मजुराला हे सांगावे लागणार नाही.

आणि या सर्वांवर ती पेटी. पैसे देऊन पेटी उघडायची; आत काय निघेल ते अगोदर कळत नाही. बहुधा क्षुल्लक वस्तू निघते, क्वचित दुर्मिळ बंदूक किंवा पोशाख निघतो. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पारव्यांवर प्रयोग करून दाखविले होते की, ठराविक टोचांनंतर दाणा मिळाला तर पारवा दाणा खाऊन थोडा थांबतो. पण दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर तो न थांबता टोचीतच राहतो. ज्यांनी गल्लीतला मटका पाहिला आहे त्यांना पारवे पाहण्याची गरज नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरविले. त्या मुलाचे सात हजार बहुतेक पेट्यांतच गेले होते. "मग निघाली का बंदूक?" आम्ही विचारले. "निघाली," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की आम्हांला रागावता येईना.

येथे एक घोटाळा दूर करावयास हवा. मुलांचे खेळ वेगळे आणि पैसे लावून खेळावयाची रमी वगैरे वेगळी. दुसऱ्या प्रकारावर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये त्यात घालवितात, असा सरकारचाच अंदाज होता. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. कायद्याचे आम्ही स्वागत करतो, कारण पगाराच्या दिवशीच पगार हरलेले कामगार आम्ही पाहिले आहेत. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून याच डावांतल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर सरकार घेत होते, हेही विसरू नये. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आमदार बच्चू कडू एका जगप्रसिद्ध क्रिकेटपटूच्या मुंबईतल्या घरासमोर अशा जाहिरातीविरुद्ध आंदोलनास बसले होते. आणि जुलै २०२५ मध्ये राज्याचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची विधान परिषदेत मोबाईलवर रमी दिसत असलेली चित्रफीत बाहेर आली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेली जाहिरात बाजूला करीत होतो, असे त्यांचे म्हणणे. महिनाअखेर त्यांचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले. यावर आम्ही काही बोलत नाही.

तेव्हा त्या बाईचे सात हजार या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. तेथे पैसे लावून पैसे जिंकावयाचे नव्हते. पैसे देऊन चित्रातला पोशाख घ्यावयाचा होता. तेथे पुढारी म्हणतात, ही पालकांची जबाबदारी. बरे, जबाबदारी मान्य.

आपले हे जयसिंगपूर शाहू महाराजांनी आपल्या जनकपित्याच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावाने वसविले. त्याच महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठरविला. पालकांच्या कर्तव्याविषयी याहून स्पष्ट कायदा कोणता? पण महाराजांनी शिक्षण फुकट केले, खेड्यांत शाळा उघडावयास घेतल्या, खजिन्यातून पैसा काढला, आणि त्याबरोबर दंड लावला. पालकाकडे मागण्यापूर्वी राज्याने आपल्याकडचे काय दिले, हा हिशेब तेथे होता.

आजचा हिशेब पाहा. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मागणी लावून धरली तेव्हा कुठे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. १९४२ च्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांनी मजूरमंत्री या नात्याने आठ तासांच्या दिवसाची बाजू मांडली. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर बारा तासांची पाळी तरीही चालत राहिली, ती गोष्ट वेगळी. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, ऑनलाईन खेळांच्या कायद्याला महिनाही झाला नव्हता तोच, राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेच राहतील, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सांगण्यात आले. लेखी संमती गरजू माणसाकडून कशी मिळते हे आमच्याइतके कोणास ठाऊक? बारा तास काम, जाण्यायेण्याचे दोन; उरलेल्यात स्वयंपाक, धुणे, झोप. यातून मुलाच्या शेजारी बसण्याचा अर्धा तास कोठून काढावयाचा, ते पालकांना उपदेश करणाऱ्याने कागदावर मांडून दाखवावे.

केवळ वेळाचाच प्रश्न आहे असे म्हटले तर आम्ही आमच्याच माणसांची खुशामत केल्यासारखे होईल. आमची मुलगी लहान असताना आम्ही घरी असलो तरी कानाला फोन असे. कुठे टाळेबंदी, कुठे निलंबन. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुमचा खेळ कधी संपतो?" तेव्हा आम्ही तो विनोद समजलो.

लक्ष ठेवणे म्हणजे फोन हिसकावणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची जी व्याख्या रोगांच्या यादीत घातली, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळावर ताबा न राहणे, बाकी सर्व गोष्टींहून खेळ मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो वाढतच जाणे, असे साधारण वर्षभर चालले तर त्यास विकार म्हणावे, असे तीत आहे. सुटीत चार तास खेळणारा प्रत्येक पोरगा रोगी नव्हे. परंतु मूल काय खेळते, कोणाबरोबर खेळते आणि बापाचे खाते त्या खेळाला जोडलेले आहे काय, एवढे तरी ठाऊक असावे. पैसे देण्याचा गुप्त अंक मुलाला न सांगणे, हे तर आज संध्याकाळीच करता येईल.

आमच्यापासून फार दूर नसलेल्या, सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक गोष्ट केली. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. मग दीड तास घरोघरचे दूरदर्शन आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. आरंभी लोक साशंक होते. स्त्रियांची सभा झाली, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, आणि पद्धत रुळली. आम्हांला त्यात विशेष वाटते ते असे की, भोंगा फक्त मुलांसाठी वाजत नाही. बापालाही फोन खाली ठेवावा लागतो. आयुष्यभर आम्ही भोंगा ऐकला तो कामावर बोलावणारा. घरी बसा असे सांगणारा भोंगा आम्ही प्रथमच ऐकला.

जयसिंगपुरात तसाच्या तसा भोंगा चालणार नाही. येथे कोणी पहिल्या पाळीला, कोणी तिसऱ्या. सात वाजता अर्धे गाव घरातच नसते. म्हणून आम्ही भोंग्याऐवजी पाळीपासून आरंभ केला. बारा वर्षांखालील मुले असलेल्या स्त्रियांना मागितल्यास दुसरी पाळी देऊ नये, अशी मागणी आम्ही त्या गिरणीकडे दिली. त्या बाईचा मुलगा तेरांचा, म्हणून ती आमच्याच मागणीबाहेर राहत होती. चूक ध्यानात आल्यावर मर्यादा पंधरा वर्षे केली. अकरा जणींनी अर्ज दिले. व्यवस्थापनाने आजवर चौघींची पाळी बदलली. सात अर्जांवर बोलणी चालू आहेत. ती बाई त्या चौघींत आहे. परवा ती उचलीचा शेवटचा हप्ता भरावयास आली, तेव्हा मुलाची विचारपूस केली. खेळतो अजून, म्हणाली. रविवारी तिलाही शेजारी बसवून शिकवितो. पण ती बेटावर उतरताच मरते म्हणून तिच्यावर चिडतो.